चळवळीत राहून पटकथा लिहिता येते का? (ऊसतोडीवरच्या स्क्रिप्टबद्दलच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर)

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. प्रश्नकर्ते २७ वर्षांचे आहेत, बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या संघटनेत चार वर्षं काम करतायत, त्याच विषयावर त्यांनी १४० पानांची पटकथा लिहिलीये. एका प्रोड्युसरने इंटरेस्ट दाखवलाय पण "भाषणं कमी करा" म्हणतोय, आणि इकडे संघटनेतले मित्र म्हणतायत की तू विकला जाणार. प्रश्नकर्त्यांचं म्हणणं, पत्रकार आणि सिनेलेखक-दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांनी आयुष्यभर चळवळ आणि सिनेमा दोन्ही केलं, मग मला एक सोडावंच लागेल का?

मी गेली बावीस-तेवीस वर्षं पटकथा लिहितोय, सुरुवातीला मराठी सिनेमे, मग पोटासाठी बरीच वर्षं हिंदी मालिका, आता परत सिनेमे आणि वेब सिरीज. त्याच्या आधीपासून मुंबईत वस्त्यांच्या घरांच्या प्रश्नावर काम करत आलोय, मोर्चे, सर्व्हे, तोडक कारवाईच्या दिवशी सकाळी सहाला जाऊन उभं राहणं, सगळं. त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्यासाठी नुसता सल्ला देण्याचा विषय नाहीये, मी त्यातून गेलोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. तुम्ही विचारलंय "दोन्ही जमेल का", पण तुमच्या लिहिण्यातून मला दिसतो तो प्रश्न वेगळा आहे. तुम्हाला चार वर्षांत जे जे दिसलं, जे जे बोलायचं राहून गेलं, ते सगळं तुम्ही या एका स्क्रिप्टमध्ये भरलंय. १४० पानं त्यामुळेच झाली. साधारण एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट धरतात, म्हणजे दोन तास वीस मिनिटं, आणि त्यातली बरीच पानं लोक एकमेकांना परिस्थिती समजावून सांगतायत असं तुम्हीच लिहिलंय. प्रोड्युसर चूक की बरोबर हे मला माहीत नाही, त्याचा हेतू मला माहीत नाही, पण "भाषणं कमी करा" हे वाक्य विकले जाण्याचं लक्षण नाहीये. हे वाक्य मला सर्वात आधी वस्तीतल्या बायकांनी ऐकवलं होतं.

माझी पहिली स्क्रिप्ट अशीच होती, घर तुटण्यावर. नायिका शेवटी अधिकाऱ्यासमोर दोन पानं बोलते. मी ती ज्या वस्तीत काम करायचो तिथल्या महिला मंडळाला बसवून वाचून दाखवली. भाषण सुरू झालं आणि पाच मिनिटांत मागच्या बायका आपसात बोलायला लागल्या, एकीने तर गॅस बंद केलाय का बघून येते म्हणून उठली. आणि त्याच्या आधी एक छोटा सीन होता, पोलीस आणि पालिकेची गाडी आली असं कळल्यावर नायिका कपाटातून फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) काढते, तिथे सगळ्याजणी एकदम बोलल्या की कपाटात कोण ठेवतं, फोटोपास तांदळाच्या डब्यात असतो, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, कारण तोडायला आले की आपण पहिला डबा उचलतो. त्या एका वाक्याने मला कळलं की आपल्याकडे काय होतं आणि आपण काय लिहीत बसलो होतो. भाषणातलं एक ना एक वाक्य त्या बायकांनी शंभर सभांमध्ये ऐकलेलं होतं, तांदळाच्या डब्यातला फोटोपास कुणीच पडद्यावर दाखवला नव्हता.

तुमच्याकडे असे डबे भरलेत. उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम आहे, टोळी जमवणाऱ्या मुकादमाची वही आहे, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटा माणूस अर्धा कोयता हा हिशोब आहे, एक दिवस काम चुकलं की खाडा म्हणजे दंड लागतो तो आहे, कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) मागे ठेवलेली पोरं आहेत, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून सुटणारे चार पैसे आहेत. बाहेरच्या लेखकाला हे गोळा करायला सहा महिने जातील आणि तरी तो बैठकीत ऐकलेलंच लिहील. समजा बाई तापाने फणफणलीये आणि तरी पहाटे उठून थळात, म्हणजे तोडीच्या शेतात, जाते, कारण खाडा लागला तर फडात राबलेल्या दिवसाच्या कमाईपेक्षा जास्त पैसे वहीत तिच्या नावावर चढतात. हा सीन नीट लिहिला तर "ही वेठबिगारी आहे" हे वाक्य कुठल्याही पात्राच्या तोंडी लागणार नाही, बघणारा स्वतः म्हणेल.

आणि मुकादम. तुम्ही लिहिलंय की तो खलनायक आहे. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे की मुकादमालाही वरून उचल मिळालेली असते, टोळी पळाली तर वरचे लोक त्याला धरतात, त्याची जमीन, ट्रॅक्टर अडकलेला असतो. हे स्क्रिप्टमध्ये आलं तर त्याचा दोष कमी होत नाही, उलट पैसा वरून खाली कसा वाहतो आणि मार खालच्याला कसा बसतो हे पहिल्यांदा नीट दिसतं. सभेत आपण मुकादमाबद्दल असं बोलत नाही कारण सभेत समोरच्याला उभं करायचं असतं. पडद्यावर बोलता येतं.

आता अब्बाससाहेबांबद्दल, कारण तुम्ही त्यांचं उदाहरण दिलंय आणि मला वाटतं ते अर्धंच वापरलंय.

माणूस १९१४ साली पानिपतला जन्मला, अलीगढला वकिली शिकला, आणि मुंबईत येऊन बॉम्बे क्रॉनिकलमध्ये पत्रकार झाला. १९३५ पासून त्यांचा 'लास्ट पेज' हा साप्ताहिक स्तंभ सुरू झाला, नंतर तो ब्लिट्झ या साप्ताहिकात गेला, आणि १९८७ मध्ये ते जाईपर्यंत चालला. पन्नासहून जास्त वर्षं. इप्टा ही डाव्या विचारांची नाट्यचळवळ १९४३ मध्ये उभी राहिली त्यात ते सुरुवातीपासून होते, बंगालच्या दुष्काळावर त्यांनी १९४६ मध्ये इप्टासाठी सिनेमा केला. आणि त्याच हाताने राज कपूरसाठी 'आवारा' लिहिला, 'श्री ४२०' लिहिला, पुढे 'बॉबी'सुद्धा. मधेमधे स्वतःच्या 'नया संसार' या संस्थेतून स्वतःला हवे ते सिनेमे काढत राहिले. मुंबईत घर न मिळालेल्या जोडप्यावरच्या 'शहर और सपना'ला १९६३ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, गोवा मुक्तीवरच्या 'सात हिंदुस्तानी'तून अमिताभ बच्चन पहिल्यांदा दिसले. पण त्यांच्या या स्वतःच्या सिनेमांनी पैसा असा फारसा मिळवला नाही, पैसा दुसऱ्यांसाठी लिहिलेल्या पटकथांनी मिळवला.

यात मला जे सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांच्याकडे दर आठवड्याला एक पान होतं. जे मत मांडायचं, ज्याच्यावर रागवायचं, ज्या सरकारला सुनवायचं, ते त्या पानावर जायचं. मनात साठत नव्हतं. त्यामुळे पटकथेला बसताना ते रिकामे बसायचे, म्हणजे विचार सोडून नाही, पण तो विचार ओकून टाकायची घाई नसायची. हे माझं वाचन आहे, त्यांनी असं कुठे म्हटलंय असा माझा दावा नाही, पण माझ्या स्वतःच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं ठरलंय. ज्या वर्षांत मी वस्तीच्या प्रश्नांवर नियमित लिहीत होतो, पत्रकं, लेख, निवेदनं, त्या वर्षांतल्या माझ्या पटकथा चांगल्या आहेत. ज्या वर्षांत मी चळवळीपासून तुटलो आणि फक्त मालिका लिहीत होतो, त्या वर्षांत मला मिळालेल्या एकुलत्या एक सामाजिक सिनेमात मी सगळं कोंबलं आणि तो बिघडला.

'आवारा'च बघा. गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार असं मानणारा एक जज्ज, आणि त्याच्याच नाकारलेल्या मुलाला परिस्थिती काय बनवते. वंश की परिस्थिती, हा तेव्हाचा पक्का राजकीय वाद आहे, अब्बास आणि व्ही. पी. साठे यांनी तो बाप आणि मुलाच्या नात्यात बसवला. शेवटी कोर्टात भाषण आहेच, हो, पण ते आपण ऐकतो कारण बोलणारा कोण आणि समोरचा कोण हे आपल्याला माहीत आहे आणि त्या दोघांना ते जड जातंय. म्हणजे भाषणाला माझी बंदी नाही, पण आधीच्या दोन तासांत त्याची किंमत भरलेली पाहिजे.

मराठीतलं उदाहरण तर तुमच्या विषयाच्या अगदी शेजारचं आहे. तेंडुलकरांनी जब्बार पटेलांसाठी लिहिलेला 'सामना'. साखर कारखानदार आणि एक दारूत बुडालेला मास्तर. अख्ख्या सिनेमात सहकारातल्या सत्तेवर व्याख्यान नाही, मारुती कांबळेचं काय झालं हा एकच प्रश्न मास्तर विचारत राहतो. एक प्रश्न, एक विचारणारा आणि एक उत्तर न देणारा. तुमच्या स्क्रिप्टमध्ये तो एक प्रश्न कोणता हे जर तुम्हाला एका ओळीत सांगता आलं नाही तर पुढच्या ड्राफ्टला बसू नका, आधी ते शोधा. मला वाटतं तो मुकादमाच्या वहीत आहे, तुम्ही वर्णन केलेल्या त्या बाईच्या नावापुढे तीन वर्षं फिटत नसलेला आकडा आहे ना, तिथे. पण हे तुमचं तुम्ही ठरवा.

अब्बासांच्या आयुष्यातली अजून एक गोष्ट सांगायलाच हवी कारण कार्यकर्ता म्हणून ती तुम्हाला उपयोगी आहे. १९६८ च्या सुमारास त्यांनी चार शहरांवर एक छोटी डॉक्युमेंटरी केली, त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीचे सीन होते, सेन्सॉरने 'यू' सर्टिफिकेट नाकारलं. ते सुप्रीम कोर्टात गेले. सुनावणी चालू असताना सरकार कट न लावता 'यू' द्यायला तयार झालं. म्हणजे त्यांचं काम झालं होतं, फिल्म सुटली होती. पण त्यांनी अर्जात दुरुस्ती करून घेतली आणि मुळात आधीच कात्री लावायचा अधिकारच घटनेत बसतो का हा प्रश्न लढवला. १९७० मध्ये निकाल विरोधात गेला, कोर्टाने पूर्व-सेन्सॉरशिप वैध ठरवली. पण त्याच केसमध्ये सरकारने निर्णयाला मुदत आणि दाद मागायला स्वतंत्र ट्रिब्युनल असावं हे मान्य केलं, पुढे १९८३ मध्ये ते ट्रिब्युनल आलं, आणि २०२१ मध्ये रद्द झालं, आता थेट हायकोर्टात जावं लागतं. स्वतःची फिल्म सुटल्यावरही लढत राहणं ही त्यांची चळवळ. त्यासाठी त्यांना 'बॉबी'त भाषण घालायची गरज पडली नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते.

घरी कोण कोण तुमच्यावर अवलंबून आहे आणि संघटनेकडून मानधन किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर बरंच ठरतं. पटकथेचे पैसे हप्त्यांनी येतात, उशिरा येतात आणि कधी कधी पहिल्या हप्त्यानंतर येतच नाहीत. दोन वर्षांचा खर्च कुठून तरी निघत असेल तरच मुंबईत खोली घ्या, नाहीतर बीडलाच राहून लिहा, नॅरेशनपुरतं, म्हणजे स्क्रिप्ट ऐकवण्यापुरतं, मुंबईला या. आज ते अजिबात कमीपणाचं नाही, निम्म्या मीटिंग तशाही फोनवर होतात. आणि तुम्ही तिथून उठलात तर पुढची स्क्रिप्ट कशाच्या जोरावर लिहिणार?

दुसरं, संघटनेत तुमची जागा काय आहे. तुम्ही पदाधिकारी असाल, कुणाच्या केसमध्ये साक्षीदार असाल, कारखान्याशी वाटाघाटीला बसत असाल, तर सिनेमा आणि ते काम एकमेकांच्या आड येऊ शकतं. समोरचा वकील उद्या म्हणू शकतो की हा माणूस कथा विकतोय. चालू केसमधला प्रसंग स्क्रिप्टमध्ये ओळखू येईल असा ठेवू नका, गाव बदला, नातं बदला, क्रम बदला. आणि ज्या बाईची गोष्ट आहे तिला जाऊन विचारा. नुसतं "तुमच्यावर सिनेमा काढतोय" असं नको, बसून सांगा की यात हे हे दाखवणार, हे पाहून तुमच्या गावातले काय म्हणतील. एकदा मी हे विचारलं नव्हतं. सिनेमा आल्यावर एका मावशींना त्यांच्या सुनेने विचारलं की हे तुम्हीच का, आणि त्यांनी माझ्याशी दोन वर्षं बोलणं सोडलं. त्या बरोबर होत्या. मित्र "विकला जाशील" म्हणतायत त्यात खरी भीती ही असावी, की त्यांची गोष्ट त्यांना न विचारता जाईल. त्यामुळे त्यांच्यावर चिडू नका, स्क्रिप्ट त्यांच्यासमोर ठेवा. मिळणाऱ्या पैशातला काही भाग संघटनेला द्यायचा का, हे सही करायच्या आधी ठरवा आणि सगळ्यांसमोर बोला, पैसे आल्यावर तो विषय निघाला की फार कडवट होतो.

आता प्रोड्युसर. इथे मला जरा जोरात बोलायचंय, कारण जो माणूस कामगाराला "कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नको" सांगतो तोच स्वतः दोन पानी अ‍ॅग्रीमेंटवर न वाचता सही करतो हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि पहिल्या सिनेमाला मीही तेच केलं होतं. क्रेडिटबद्दल एक ओळ नव्हती. सिनेमा आला तेव्हा पटकथा म्हणून दुसऱ्याचं नाव होतं आणि माझं नाव शेवटी आभारात. तक्रार केली, दीड वर्षाने राहिलेले पैसे मिळाले, नाव मिळालं नाही, कारण कागदावर नव्हतं.

म्हणून, सर्वात आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे मेंबर व्हा, पूर्वी तिला फिल्म रायटर्स असोसिएशन म्हणायचे, ती ट्रेड युनियन म्हणून नोंदलेली आहे, तुम्हाला युनियन म्हणजे काय हे मी सांगायची गरज नाही. स्क्रिप्ट तिथे रजिस्टर करा, ऑनलाइन होतं, आणि प्रत्येक मोठ्या ड्राफ्टनंतर परत करा. कॉपीराइट लिहिल्याबरोबर तुमचाच असतो, रजिस्ट्रेशन हा तारखेचा पुरावा आहे. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो हे सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच सांगितलंय, त्यामुळे "ऊसतोडीवर सिनेमा" ही कल्पना कुणीही उचलू शकतो. म्हणून प्रोड्युसरला नुसती गोष्ट ऐकवून येऊ नका, लिहिलेलं रजिस्टर करून मग नॅरेशनला जा, आणि नॅरेशन झाल्यावर "आज आपण अमुक स्क्रिप्टबद्दल बोललो" असा एक साधा ईमेल टाका.

अ‍ॅग्रीमेंटमध्ये हे बघा: हप्ते ड्राफ्टला जोडलेले हवेत, सहीला इतके, पहिल्या ड्राफ्टला इतके, फायनलला इतके. "रिलीजवर" असं लिहिलेला मोठा हप्ता म्हणजे तो पैसा नाही असं समजून हिशोब करा. क्रेडिट कुठे, कोणत्या शब्दांत, आणि मधेच दुसरा लेखक आला तरी राहणार का, हे लिहून हवं. कुणीही काहीही केस केली तर सगळा खर्च लेखकाने भरायचा असं कलम असेल तर ते काढायला लावा, तुमच्या विषयात कारखान्यावाले केस करूच शकतात आणि तो भार तुमच्यावर यायला नको. सिनेमा ठराविक वर्षांत बनला नाही तर हक्क तुमच्याकडे परत, हेही मागा. हक्क किती वर्षांसाठी दिले हे लिहिलंच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. आणि २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीप्रमाणे थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला तुमचा हिस्सा तुम्ही सोडूनच देऊ शकत नाही, "सगळ्या रॉयल्टीचा त्याग करतो" असं वाक्य आलं तर घाबरू नका, पण त्यावर सही पण करू नका. ही दुरुस्ती व्हावी म्हणून लेखक-गीतकार अनेक वर्षं भांडले, जावेद अख्तर यांनी राज्यसभेत ती लावून धरली. तेच जावेद आणि सलीम खान एकेकाळी 'जंजीर'च्या पोस्टरवर लेखक म्हणून आपलं नाव नव्हतं म्हणून पेंटर लावून मुंबईभरच्या पोस्टरांवर ते रंगवून आले होते. रॉयल्टी प्रत्यक्ष वसूल होणं पटकथाकारांसाठी अजून अवघड आहे, ती लढाई चालू आहे, आणि कार्यकर्ता म्हणून तुमची तिथेही गरज आहे.

प्रोड्युसरने गाणं घाला म्हटलंय, त्याबद्दलही तुम्ही नाराज दिसलात. मी तिथे अडून बसणार नाही. फडात, गाडीवर बायका गातात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकलंय. गाणं कुठलं हे तुम्ही सांगा. अडून बसायचं ते वहीवर, खाड्यावर, शेवट कसा होतो त्यावर. तो म्हणाला की शेवटी मुकादमाचं हृदयपरिवर्तन दाखवा, किंवा कारखान्याचे चेअरमन येऊन सगळं मिटवतात, तर उठून या. तिथे खरंच विकलं जातं. बाकी नव्वद टक्के सूचनांवर एक रात्र विचार करून मग उत्तर द्यायचं, मी अजून तसंच करतो, कारण पहिल्या रागात मला चांगल्या सूचनाही अपमान वाटतात.

आणि तुमचं 'लास्ट पेज' शोधा. आठवड्याला एक लेख, स्थानिक पेपरला, संघटनेच्या पत्रकाला, कुठेही, ५०० शब्द. स्क्रिप्टमधून काढलेली भाषणं तिथे टाका, ती वाया जाणार नाहीत, तिथे ती कामाचीच आहेत.

मग पुढचा ड्राफ्ट ११० पानांच्या आत आणा आणि प्रोड्युसरच्या आधी एखाद्या टोळीला वाचून दाखवा. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघायला लागतील, मग थेट उन्हाळ्यापर्यंत तुम्हाला त्या निवांत भेटणार नाहीत, त्यामुळे हातात फार दिवस नाहीयेत. वाचताना कुठे उठून जातात आणि कुठे तुम्हाला थांबवून दुरुस्त करतात, एवढंच पेन्सिलीने मार्जिनमध्ये लिहून ठेवा. ती पानं घेऊन मग मला विचारा, मी वाचतो.